आजोबांच्या लष्करी कागदावरचा नंबर कसा वाचायचा?

आजोबा किंवा पणजोबा 'पलटणीत होते' एवढीच माहिती बऱ्याच घरांत उरलेली असते. सोबत एखादं पदक, घड्यांवर विरलेला डिस्चार्जचा कागद, फार तर एक फोटो. त्या कागदावर नावाच्याही आधी काही आकडे असतात. सगळे जण नावावरून शोध सुरू करतात आणि महिनाभरात कंटाळून सोडून देतात. नंबर मात्र कुणी बघत नाही. माझ्या आईच्या वडिलांच्या नोंदी काढताना या सगळ्यातून गेलो, म्हणून ते क्रमाने लिहून ठेवतोय. भर दुसऱ्या महायुद्धावर आणि महाराष्ट्रातून पायदळात गेलेल्या माणसांवर आहे. नौदल, हवाई दलाचा उल्लेख ओझरता येईल.

सुरुवातीला एवढं जवळ ठेवा:

- डिस्चार्ज सर्टिफिकेट, पेबुक, पेन्शनचे कागद, मनिऑर्डरच्या पावत्या, जुनी पत्रं: जे असेल ते
- सगळी पदकं
- भिंग, बॅटरी, बटर पेपर आणि मऊ पेन्सिल
- एक वही. ज्यात प्रत्येक आकडा *कुठे* सापडला ते लिहायचं
- नातं सिद्ध करणारे कागद (जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, वारस नोंद), हे शेवटी लागतात

१. आधी आकडे गोळा करा, अर्थ नंतर लावा

पदकांपासून सुरुवात करा. गोल पदकाची कडा बघा आणि ताऱ्याच्या आकाराचं पदक असेल तर मागची बाजू. भारतीय सैनिकांच्या पदकांवर बरेचदा नंबर, हुद्दा, नाव आणि रेजिमेंट बारीक अक्षरांत ठोकलेली असते. पहिल्या महायुद्धाच्या पदकांवर तर ती हमखास सापडते.

कृपा करून पदक चिंच-मिठाने किंवा राखेने घासू नका. दर दसऱ्याला घासून घासून कडेवरची अक्षरं गुळगुळीत झालेली पदकं मी पाहिली आहेत आणि ती अक्षरं परत येत नाहीत. पदक टेबलावर आडवं ठेवा, खोलीत अंधार करा आणि बॅटरी अगदी बाजूने, कडेला जवळजवळ टेकवून धरा. तिरक्या उजेडात अक्षरांच्या सावल्या पडतात आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारे आकडे उठून दिसतात. तरीही लागत नसेल तर कडेवर बटर पेपर गुंडाळून वरून पेन्सिल हलक्या हाताने फिरवा.

कागदांवर १ आणि ७, ३ आणि ८, ५ आणि ६ यांचा घोळ ठरलेला. इंग्रजी हस्ताक्षरातला १ वरून वाकवलेला असला की तो ७ वाटतो. शंका असलेला आकडा स्वतःच्या मनाने ठरवू नका, वहीत दोन्ही शक्यता लिहा. काही कागदांवर लिपी इंग्रजी आणि भाषा उर्दू दिसेल. तेव्हाच्या फौजेचा बराच कारभार रोमन लिपीतल्या हिंदुस्तानीत चालायचा, त्यामुळे दचकू नका, मोठ्याने वाचलंत की अर्थ लागतो.

२. सर्व्हिस नंबर नसलेले नंबर बाजूला काढा

कागदावरचा प्रत्येक आकडा सर्व्हिस नंबर, म्हणजे भरती होताना सैनिकाला मिळालेला नंबर, नसतो. चार आकडे लोकांना हमखास चकवतात.

पहिला पेन्शनचा, म्हणजे पीपीओ नंबर. त्यात अक्षर, तिरप्या रेघा आणि बहुधा शेवटी वर्ष असतं. हा पेन्शन मंजूर करणाऱ्या लेखा कार्यालयाचा नंबर. सैनिक भरती झाला तेव्हा तो अस्तित्वातच नव्हता.

दुसरा फॉर्मचा नंबर. कागदाच्या अगदी वरच्या किंवा खालच्या कोपऱ्यात बारीक छापलेला असतो. तो हाताने लिहिलेला किंवा टंकलेला नसून छापील आहे, यावरूनच ओळखा.

तिसरा फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर, पत्रांच्या शिक्क्यांवर असतो. माणूस कुठल्या भागात होता हे शोधायला तो उपयोगी, पण तो माणसाचा नंबर नव्हे.

चौथा युद्धकैद्याचा नंबर. आजोबा शत्रूच्या हाती सापडले असतील तर छावणीत त्यांना वेगळा नंबर मिळाला असणार. जर्मनीत भारतीय कैद्यांची मोठी छावणी अॅनाबर्गला होती. घरी आलेल्या कैद्यांच्या पोस्टकार्डावर छावणीचं नाव आणि हा नंबर असतो. रेकॉर्ड ऑफिसला (रेजिमेंटच्या माणसांच्या नोंदी ठेवणारं लष्करी कार्यालय) तो कळवून काही निष्पन्न होत नाही; रेडक्रॉसच्या कैद्यांच्या नोंदींसाठी मात्र तोच लागतो.

३. नंबर कधीही एकटा वाचू नका

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. त्या काळी संपूर्ण भारतीय सैन्यासाठी एकच सलग क्रमांकमाला नव्हती. प्रत्येक रेजिमेंट आपापल्या माणसांना आपापले नंबर देत असे. त्यामुळे एकच पाच आकडी नंबर मराठा लाइट इन्फन्ट्रीतल्या एका माणसाचा, राजपूत रेजिमेंटमधल्या दुसऱ्याचा आणि जाट रेजिमेंटमधल्या तिसऱ्याचा असू शकतो. तिघेही खरे.

सर्वांना ठाऊक असलेली दोन नावं घेऊ. परमवीर चक्र मिळालेले नाईक जदुनाथ सिंग (राजपूत रेजिमेंट) यांचा नंबर २७३७३, तर लान्स नाईक करम सिंग (शीख रेजिमेंट) यांचा २२३५६. दोघेही १९४१ च्या उत्तरार्धात भरती झाले. आकड्यांत पाच हजारांचा फरक दिसतो, म्हणून करम सिंग बरेच आधी भरती झाले असं कुणी काढलं तर ते साफ चुकेल, कारण दोन मालिकांचा एकमेकींशी संबंधच नाही. एकाच रेजिमेंटमध्ये मात्र लहान नंबर आधीचा आणि मोठा नंतरचा असा ढोबळ अंदाज बांधता येतो. गावातले दोघे-तिघे एकत्र भरती झाले असतील तर त्यांचे नंबर कधीकधी पाठोपाठचे निघतात, म्हणून भाऊबंदांच्या घरातले कागदही बघून घ्या.

म्हणून नंबर, हुद्दा, नाव, रेजिमेंट हे चौघे एकत्र लिहायची सवय लावा. सरकारी पद्धतही हीच. डिसेंबर १९१४ च्या लंडन गॅझेटमध्ये खुदादाद खान यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसची घोषणा आहे, त्यातही आधी ४०५०, मग सिपाही, मग नाव, मग १२९ वी बलुची पलटण, असाच क्रम आहे.

त्या ४०५० वरून आणखी एक गोष्ट कळते. पहिल्या महायुद्धातले नंबर साधारण चार आकड्यांपर्यंतचे असत आणि ते त्या एका पलटणीपुरते. माणूस दुसऱ्या पलटणीत गेला की नवा नंबर. दुसऱ्या महायुद्धापर्यंत सैन्य फुगलं (१९३९ मध्ये दोन लाखांच्या आसपास, १९४५ मध्ये सुमारे २५ लाख) आणि आकडेही लांबले. पण बदलीबरोबर नंबर बदलण्याची शक्यता तेव्हाही होतीच. घरात एकाच माणसाचे दोन नंबर सापडले तर एक खोटा असं धरू नका, तारखा बघा.

४. आकड्याच्या आगेमागे अक्षरं असतील तर

नुसते आकडे असले तर माणूस सिपाही, लान्स नाईक, नाईक किंवा हवालदार. अक्षरं असली तर बहुतेक वेळा त्यापुढची कथा असते:

- आय.ओ.: जमादार, सुभेदार, सुभेदार मेजर. यांना तेव्हा व्हाइसरॉय कमिशन्ड ऑफिसर म्हणत. हवालदाराचा जमादार झाला की जुना नंबर मागे पडे. पहिल्या महायुद्धातल्या जमादार-सुभेदारांच्या पदकांवर तर नंबरच नसतो. तो झिजला असावा असं समजून शोधत बसू नका.
- आय.ई.सी.: युद्धकाळात आणीबाणीचं कमिशन मिळालेले भारतीय अधिकारी.
- ई.सी.: तसंच कमिशन मिळालेले, बहुतांशी ब्रिटिश अधिकारी.
- आय.सी.: नियमित कमिशन असलेले भारतीय अधिकारी. हे आजही चालू आहे.

घरात 'आजोबा सुभेदार होते' असं सांगतात आणि कागदावर नाईक असतो, हे फार वेळा होतं. निवृत्त माणसाला गाव मानाने सुभेदार म्हणतं. अर्जात कागदावरचाच हुद्दा लिहा.

५. तीन भागिले पाच: पलटण ओळखा

'३/५' असं लिहिलेलं दिसलं तर ती तारीख नाही. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. १९२२ च्या फेररचनेत १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या जुन्या मराठा पलटणी एका रेजिमेंटखाली आल्या आणि तिला पाचवा क्रमांक मिळाला. त्यामुळे कागदावर ११० असेल तर तो १९२२ च्या आधीचा, ३/५ असेल तर नंतरचा, आणि पलटण एकच. दहावी बटालियन, म्हणजे १०/५, प्रशिक्षणाची, बेळगावची. भरतीच्या कागदावर बहुतेकांच्या नावापुढे तीच दिसते. त्यावरून माणूस युद्धभर बेळगावातच होता असं समजू नका.

सर्व्हिस नंबर सांगत नाही माणूस कुठे लढला. ते बटालियन सांगते:

२/५ जून १९४२ मध्ये तोब्रुकला होती, आणि तोब्रुक पडल्यावर कैद झाली. आजोबा २/५ चे आणि दोन-तीन वर्षं घरी पत्र नव्हतं असं आजी सांगायची, तर वर सांगितलेल्या कैद्यांच्या नंबराकडे वळा.

३/५ १९४१ मध्ये इरिट्रियात केरेनला लढली आणि नंतर इटलीत. नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ते याच बटालियनचे.

१/५ सुद्धा इटलीत. सिपाही नामदेव जाधव यांचा व्हिक्टोरिया क्रॉस ९ एप्रिल १९४५ चा, सेनिओ नदीवरचा.

४/५ बर्मा आघाडीवर. मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या सांगशाक गावी तिने जपान्यांचा मारा झेलला.

बटालियनचा आकडा मिळत नसेल तर पदकं मदत करतात. आफ्रिका स्टार, इटली स्टार, बर्मा स्टार ही नावं स्वतःच आघाडी सांगतात. नुसतं इंडिया सर्व्हिस मेडल आणि वॉर मेडल असेल तर बहुधा सेवा देशातच झाली.

महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावातच उभी राहिली. त्याआधी १११ वी महार पलटण होती, ती १९१७ ची आणि १९२१ मध्ये मोडली. म्हणजे १९३० च्या दशकातला महार रेजिमेंटचा नंबर कुणी सांगत असेल तर तारीख पुन्हा तपासा. शिवाय मराठी माणसं फक्त या दोन रेजिमेंटांत होती असंही नाही. खडकीचे बॉम्बे सॅपर्स, तोफखाना, सर्व्हिस कोअर, दवाखाने, सगळीकडे होती.

६. नाव आणि गाव: इथेच सगळे अडकतात

नाव इंग्रजीत लिहिणारा कारकून बहुधा मराठी नव्हता. जाधव तीन-चार तऱ्हांनी लिहिलेले सापडतात, घाडगे-घाटगे-गाडगे एकमेकांत मिसळतात, आडनाव गाळून फक्त स्वतःचं आणि वडिलांचं नाव असतं. 'मराठा' हा शब्द तर रेजिमेंटच्या नावात आर च्या आधी एच आणि पुढे दोन टी घालून लिहीत. म्हणूनच सुरुवातीला नंबर गोळा करायला लावले. आकड्यांचं स्पेलिंग होत नाही.

जिल्हे मात्र त्या काळचे लिहा. सांगली जिल्हा १९४९ मध्ये दक्षिण सातारा नावाने झाला, त्यामुळे तासगाव-वाळव्याचा माणूस कागदावर सातारा जिल्ह्याचा. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये झाला. त्याआधी मालवण, देवगड रत्नागिरीत आणि सावंतवाडी वेगळं संस्थान. रायगडचं नाव कुलाबा होतं. कोल्हापूर, मिरज, जत ही संस्थानं असल्याने तिथल्या लोकांपुढे जिल्ह्याऐवजी संस्थानाचं नाव येतं. आजच्या जिल्ह्याच्या नावाने शोधलंत तर ती माणसं सापडणारच नाहीत.

७. युद्धात मृत्यू झाला असेल तर

ही वाट त्यातल्या त्यात सोपी. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येतं. नावाचा रकाना रिकामा सोडा, सर्व्हिस नंबराच्या रकान्यात आकडे टाका आणि सैन्य भारतीय निवडा. एकाच नंबराची अनेक माणसं येतील (तिसरा मुद्दा आठवा), त्यातून रेजिमेंटवरून चाळा. मग अधिक माहितीचा भाग उघडा. तिथे वडिलांचं नाव, कधी पत्नीचं नाव, गाव आणि जिल्हा असतो. ते जुळलं तर तुमचा माणूस सापडला.

कबर दाखवली नाही म्हणून नोंद अपुरी समजू नका. हिंदू सैनिकांचं दहन झालेलं असे, ज्यांचे देह मिळाले नाहीत असेही पुष्कळ. अशांची नावं स्मारकांवर आहेत. इटलीतल्यांसाठी कॅसिनो, बर्मातल्यांसाठी रंगून, मलाया-सिंगापूरसाठी क्रांजीचं स्मारक. यशवंत घाडगे यांचं नावही कॅसिनोच्याच स्मारकावर आहे.

पहिल्या महायुद्धाचा शोध असेल तर एक कडवट गोष्ट: मेसोपोटेमियात गेलेल्या मराठा पलटणींच्या साध्या सिपायांची नावं बसऱ्याच्या स्मारकावर कोरलीच नव्हती, पलटणीगणिक फक्त संख्या होती. नावं कमिशनच्या नोंदवह्यांतून आणि संकेतस्थळावरच मिळतील.

८. जिवंत परतले असतील तर

बहुसंख्य परतले, आणि त्यांची नावं एका जागी मिळतील असं संकेतस्थळ नाही. कुणी पैसे घेऊन 'संपूर्ण रेकॉर्ड' देतो म्हणाला तर दुरून नमस्कार करा. ब्रिटनकडेही साध्या भारतीय सैनिकांच्या फायली नाहीत. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे कागद आहेत, पण ते अधिकाऱ्यांसाठी कामाचे. ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये शौर्यपदकांच्या शिफारशी आणि बटालियनच्या युद्धदैनंदिन्या आहेत. आजोबांना पदक मिळालं असेल तरच त्यांचं नाव तिथे येण्याची आशा धरा.

अर्ज करायचा तो रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, रणगाडा दलाचं अहिल्यानगरला. नौदलासाठी मुंबईतलं ब्युरो ऑफ सेलर्स, हवाई दलासाठी दिल्लीतलं एअर फोर्स रेकॉर्ड ऑफिस.

अर्जात नेमकं काय मागायचं ते माहीत हवं. सैनिकाच्या सगळ्या कागदांच्या फायलीला 'शीट रोल' म्हणतात. ज्यांना पेन्शन नव्हती त्यांचे हे कागद २५ वर्षांनी नष्ट करायचा लष्कराचा नियम आहे. युद्ध संपल्यावर घरी पाठवलेल्या बहुतेकांना पेन्शन नव्हती. त्यामुळे 'कागद नष्ट झाले' असं उत्तर आलं तर ते टोलवाटोलवीचं आहे असं लगेच धरू नका. पण एक गोष्ट टिकते: 'लाँग रोल'. ही मोठी नोंदवही असते, तीत माणसागणिक थोडक्यात नोंद. म्हणून अर्जात स्पष्ट लिहा की शीट रोल उपलब्ध नसल्यास लाँग रोलमधील नोंदीचा उतारा मिळावा. हे एक वाक्य घातलं नाही तर 'नष्ट' या शब्दावरच पत्रव्यवहार संपतो.

लाँग रोल नंबराच्या क्रमाने बघतात. नंबर चुकला की सगळं चुकलं. पहिल्या पायरीत दोन शक्यता लिहून ठेवल्या असतील तर अर्जात दोन्ही द्या. सोबत नाव (कागदावर आहे तसंच), वडिलांचं नाव, तेव्हाचं गाव-तालुका-जिल्हा, भरतीचं आणि डिस्चार्जचं अंदाजे वर्ष, तुमचं नातं आणि त्याचे पुरावे जोडा. स्पीड पोस्टाने पाठवा. फार दिवस उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो, शुल्क १० रुपये. पण आधी साधं पत्र लिहा, तिथले क्लार्क साध्या पत्राला बरेचदा जास्त मनापासून उत्तर देतात असा माझा अनुभव आहे.

तुमच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही चौकशी करा. पेन्शन नसलेल्या महायुद्धातल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्याकडून अनुदान मिळत आलंय. आजीने कधी ते घेतलं असेल तर तिच्या प्रकरणात डिस्चार्जच्या कागदाची प्रत लागलेली असणार.

९. १९४७ नंतरही नोकरी चालू राहिली असेल तर

मग पाच आकडी जुना आणि सात आकडी नवा, असे दोन नंबर मिळतील. स्वातंत्र्यानंतर रेजिमेंटना स्वतंत्र आकड्यांच्या मालिका मिळाल्या. कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांचा नंबर २६३९८८५ आणि कारगिलच्या योगेंद्रसिंग यादवांचा २६९०५७२, दोघेही ग्रेनेडियर्सचे, म्हणून दोन्हींची सुरुवात २६ ने. सात आकडी नंबर असेल तर पहिले दोन आकडे रेजिमेंट शोधायला मदत करतात, पाच आकडीत ही सोय नाही. आकड्याच्या शेवटी एखादं इंग्रजी अक्षर दिसलं तर ते नक्कल करताना झालेली चूक पकडण्यासाठीचं तपासणी-अक्षर. तेही उतरवून घ्या. जमादार पद जाऊन नायब सुभेदार आलं, आणि आय.ओ. च्या जागी जे.सी. आलं.

रेकॉर्ड ऑफिसला दोन्ही नंबर द्या आणि कुठला कोणत्या कागदावर आहे तेही लिहा. उत्तर आल्यावर आधी वडिलांचं नाव आणि गाव जुळवा, मग बाकीचं वाचा.